डावा कौल

ताटात वरीचा भात पडला आणि सावनीनं मनगट त्याच्यावर धरलं. समोर बसलेली इरावती, तिची आई, हातातला घास तसाच धरून थांबली. घरात कुणीही असं थांबायचंच. एक, दोन, तीन असं पाचपर्यंत मनात मोजायचं, तोवर मनगटावरचा पट्टा अन्नाचा वास घेतो, पोटातल्या गोळीशी बोलतो आणि कौल देतो. अंगठ्याच्या बाजूला थरथर आली की उजवा. खुशाल खा. करंगळीच्या बाजूला आली की डावा. हात मागे घ्या.

सावनी दहा वर्षांची होती. पाच मोजून झाले तरी ती काही बोलेना, तेव्हा इरावतीनं हातातला घास खाली ठेवला.

"सावने, काय आला?"

"डावा."

"अगं, सकाळी तर खाल्लीस वरी!"

"सकाळी उजवा होता. आत्ता डावा आला. मी काय करू?" सावनीनं ताट दूर सारलं. "आणि मी एक घास आधीच खाल्ला, आई. भूक लागली होती, म्हणून तू वाढायच्या आधीच पातेल्यातला न विचारता खाल्ला."

पाव तासात ती चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. इरावतीनं तिच्या पोटावर हात ठेवला, तर आतून दोरी पिळावी तसं काहीतरी वळत होतं. कपाळाला घाम आला होता. हे सोंग नव्हतं. असं सोंग कुणालाच करता येत नाही.

इरावतीनं भिंतीवरच्या यादीतून वरी खोडली. आता दहा पदार्थ उरले. दुधी, सुरण, शहाळं, राजगिरा, काकडी आणि असंच काहीबाही. भात दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्याआधी आंबा, दूध, अंडं, भाकरी. पोर वीस किलोची झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलं होतं की यादी आठाच्या खाली आली, तर नाकातून नळी घालून तयार अन्न द्यावं लागेल.

इथे थोडं थांबून या कौलाची हकीगत सांगायला हवी.

काही माणसांचं आतडं फार हळवं असतं. तपासण्या कराव्यात तर सगळं ठाकठीक. जखम नाही, गाठ नाही, जंतू नाही. आणि तरी जेवलं की पोट फुगतं, दुखतं, कधी चार-चार दिवस कोठा जड, तर कधी दिवसातून सहादा धाव. याला आतड्याचा चिडखोरपणा म्हणतात. कांदा, लसूण, गहू, काही डाळी, काही फळं यांत अशा साखरा असतात की त्या नीट पचत नाहीत. त्या आतड्यात पाणी ओढतात, तिथले जंतू त्या आंबवतात, वायू होतो, आतडं ताणलं जातं. तसं ते तुमचं-आमचंही ताणलं जातं, पण आपल्याला पत्ता लागत नाही. हळव्या आतड्याच्या नसा मात्र त्या ताणाचा बोभाटा करतात.

यावर जुन्या डॉक्टरांनी आहाराचा एक चांगला उपाय काढला होता. त्याला तीन पायऱ्या होत्या. आधी असले सगळे पदार्थ थोडे आठवडे बंद करायचे. मग एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा. आणि जे खरोखरच बाधतं तेवढंच सोडून बाकीचं सगळं पुन्हा सुरू करायचं. पुष्कळांना यानं बरं वाटे. सगळ्यांना नाही. पण ही उठाठेव करायला चिकाटी लागे, आणि माणसाला चिकाटीचा कंटाळा. म्हणून एकविसावं शतक उतरणीला लागलं तेव्हा कुणीतरी यंत्र काढलं. वाटाण्याएवढी गोळी गिळायची. ती आतड्याच्या भिंतीला चिकटून बसते, तिथला वायू, ताण, आंबटपणा मोजते आणि मनगटाच्या पट्ट्याला निरोप देते. बनवणाऱ्यांनी त्याला भलतंच इंग्रजी नाव दिलं होतं. पण कोकणात ते आलं आणि लोकांनी आठ दिवसांत त्याचं बारसं करून टाकलं. अन्नकौल.

कोकणातल्या माणसाला कौल कळायला वेळ लागत नाही. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीवर ओल्या कळ्या लावायच्या, उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. देवरुखजवळच्या एका वाडीत इरावतीचे वडील, आबा, गुरव होते. देवळात कौल लावायचं काम त्यांचं. लागलेला कौल परत विचारायचा नाही, हा त्यांचा दंडक. देवावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो, असं ते म्हणत. इरावती याच दंडकात वाढली आणि तिनं सावनीलाही याच दंडकात वाढवलं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दुसरी पायरी छापलेली होती. दर तीन महिन्यांनी डाव्या पदार्थांना पुन्हा विचारून पाहा, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण सगळ्या कोकणपट्टीत एकानंही ते केलं नाही. डावा म्हणजे डावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती आपल्या शेडमध्ये कोकमाची सालं उन्हात पसरत होती. मे महिना होता, आगळाचे कॅन भरायचे होते. फाटकाशी एक गाडी थांबली आणि पस्तिशीची एक बाई उतरली. खांद्याला पिशवी, डोक्यावर ओढणी, पायात मळलेले बूट.

"इरावतीताई ना? मी डॉक्टर निखत मुकादम. रत्नागिरीला आंत्रसंशोधन केंद्रात असते. तुमच्या घरातल्या पट्ट्यांची नोंद आमच्याकडे येते."

"वरीचं कळलं वाटतं तुम्हाला," इरावती हात पुसत म्हणाली. "बसा. आगळाचं सरबत देते. पण आधी मनगट धरून बघा बाई."

"मला पट्टा नाही," निखत म्हणाली आणि भांडं घेऊन घटाघटा प्यायली. इरावती बघतच राहिली. न विचारता पिणारं माणूस तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सावनी कुठाय?"

"शेजारी गेलीय खेळायला. बोलावू?"

"नको. तिच्याशिवायच बोलायचंय." निखतनं भांडं खाली ठेवलं. "ताई, मी जे सांगणार आहे ते मला स्वतःला पटायला पंधरा दिवस लागले. गोळ्यांची एक खेप आली होती, चार वर्षांपूर्वी. अकराशे गोळ्यांची. त्या गोळ्या पोटात जाऊन जाग्याच झाल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून निजलेल्या. वायू नाही, ताण नाही, काही म्हणजे काही मोजलेलं नाही."

"मग पट्टा कौल कसा देतो?"

"तीच तर गोष्ट आहे. गोळीचा निरोप आला नाही तर पट्ट्यानं गप्प बसायला हवं. पण गप्प बसणारा पट्टा लोक परत आणून देतात. म्हणून बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी आत सोय करून ठेवली. निरोप नसेल तर बहुतेक वेळा उजवा कौल दे, आणि हजारात एखादा डावा. जरा खरं वाटावं म्हणून."

इरावतीला हसू आलं. राग यायला अजून वेळ होता. "म्हणजे नाणं उडवायचं?"

"त्याहून वाईट. हे बघा." निखतनं पसरलेल्या सालांतली मूठभर उचलली आणि ओंजळीत धरली. "ही तुमची यादी. अधूनमधून यातलं एखादं साल डोळे मिटून काढून टाकायचं आणि परत कधीच आत घालायचं नाही. काय होईल?"

"ओंजळ रिकामी होईल."

"कधी ना कधी होणारच. आणि आधी काय जाईल? जे माणूस जास्त वेळा विचारतं ते. रोज खाल्लेल्या पदार्थाला रोज धोका. वर्षातून दोनदा खाल्लेला सुरण सुटतो."

इरावतीनं गेलेले पदार्थ बोटांवर मोजले. आंबा, भात, दूध, अंडं. सावनीचं आवडतं तेच नेमकं आधी का गेलं, याचं कोडं तिला कधी सुटलं नव्हतं. पोर आवडीनं जास्त खाते म्हणून बाधतं, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. पोरीला तसं बोलूनही दाखवलं होतं. हावरटपणा नडतो तुझा, असं.

"सावनीची गोळी," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

"हो. तुमची चांगली आहे, जागी आहे. निजलेली सावनीची आहे."

 मग इरावती एकदम उसळली. "तुमचं डोकं फिरलंय! काल पोर माझ्यासमोर गडाबडा लोळली. मी तिच्या पोटाला हात लावलाय. आत पीळ पडलेला मला लागला हाताला. ते काय नाणं उडवून होतं?"

"पीळ खरा आहे ताई. दुखणं शंभर टक्के खरं. तेच मला सांगायचंय." निखत जराही चिडली नाही. "मी आता एक शब्द म्हणते. चिंच. हिरवी, कोवळी, वर मीठ लावलेली. सुटलं तोंडाला पाणी?"

इरावतीनं आवंढा गिळला.

"कुठाय चिंच? आतड्याचंही तसंच आहे. त्याला स्वतःच्या कोट्यवधी नसा आहेत. मेंदू वरून निरोप धाडतो, सावध राहा, त्रास येतोय. की ते आवळून बसतं, पाणी सोडतं, साधा वायूसुद्धा त्याला सुरीसारखा लागतो. करंगळीकडे थरथर आली की सावनीच्या आतड्याला तो निरोप जातो. चार वर्षं हाच धडा गिरवलाय त्यानं."

"पण कौल खरा ठरतो ना! शंभरात सत्त्याण्णव वेळा खरा ठरतो असं तुमचेच लोक सांगतात."

"जाग्या गोळ्यांचा सत्त्याण्णव वेळा खरा ठरतो," निखत हळू आवाजात म्हणाली. "मग आम्ही निजलेल्यांचा हिशेब मांडला. तोही सत्त्याण्णव."

इरावतीला आधी त्यातलं काही कळलंच नाही. मग कळलं. पुढे घडणारं पट्टा ओळखत नव्हता. पट्टा सांगत होता आणि पोट ऐकत होतं.

"म्हणजे माझंसुद्धा? माझं आजारपण पण खोटंच?"

"नाही, तसं नका समजू. तुमचा आजार पट्ट्याच्या आधीपासूनचा. गहू, कांदा सोडल्यावर तुम्हाला निम्मं तरी बरं वाटलं, ते खरंच आहाराचं यश. पण आहार निम्म्या वाटेपर्यंतच नेतो, कुणाला तर तेवढाही नेत नाही. पुढची वाट झोपेची, काळजीची, नसांच्या हळवेपणाची. ती चालायची सोडून आपण यादी कापत बसलो. एवढंच आपलं चुकलं."

"आणि सावनी? तिला पट्टा बांधला तेव्हा तिचं पोट दुखत होतं की."

"किती दिवस?"

इरावतीला आठवलं. पहिलीची शाळा सुरू झाली होती. नव्या बाईंना सावनी घाबरायची. दहा-बारा दिवस सकाळी पोट दुखलं. इरावतीला वाटलं, माझंच पोट घेऊन जन्माला आली. सावनीचा बाप जहाजावर असतो, वर्षाकाठी दोन महिने घरी. त्याला विचारायलाही ती थांबली नव्हती.

"आत्ताच्या आत्ता पट्टा काढते आणि सांगून टाकते पोरीला," ती उठली.

निखतनं तिचा हात धरला. "तसं आम्ही तिघांना सांगितलं. मोठ्या, शहाण्या माणसांना. पहिल्या दोघांना कळलं, पटलं, आणि तरी भात खाल्ल्यावर दुखलंच. आपल्याला पटलेलं आतड्याला पटतंच असं नाही. ते फक्त सवय ओळखतं. तिसरी बाई चिपळूणची. तिचा उजव्या कौलावरचाही विश्वास उडाला. आता तिला काहीच चालत नाही. ती नळीवर आहे."

"मग?"

"सावनीला काही कळू द्यायचं नाही. मी केंद्रातून पट्टा बदलते. यापुढे तो डावा कौल देणारच नाही. तिनं जुन्या पदार्थांना परत विचारायचं, उजवा येईल, ती खाईल, दुखणार नाही. असं चार-पाचशे वेळा झालं की आतडं नवा धडा शिकेल. पण त्यासाठी पालकाची सही लागते. आणि तुम्हाला कौलावर विश्वास असल्यासारखं वागावं लागेल. पोरांना आईचा चेहरा वाचता येतो."

"म्हणजे मी माझ्या लेकीशी खोटं बोलायचं."

"चार वर्षं पट्टा खोटंच बोलतोय ताई. फक्त ते डाव्या बाजूचं होतं."

इरावतीनं सही केली.

खरी अडचण संध्याकाळी आली. भाताचं पातेलं समोर ठेवून ती म्हणाली, "सावने, भाताला परत विचार बघू."

सावनी दचकली. "लागलेला कौल परत विचारत नाहीत. तूच सांगतेस ना?"

"कधीकधी विचारतात. आबा विचारायचे." जन्मात पहिल्यांदा इरावती बापाच्या नावावर खोटं बोलली. "गाऱ्हाणं घालताना चुकलं असेल तर नव्यानं घालायचे."

"खरं?"

"खरं."

सावनीनं भाताकडे पाहिलं, मग आईकडे. "मग आधी तू विचार. तुझ्या चपातीला."

यावर काय बोलायचं ते निखतनं सांगितलं नव्हतं. इरावतीनं सावनीच्या बापाची म्हणून करून ठेवलेली चपाती फडक्यातून काढली. तो दुपारीच सुट्टीवर आला होता आणि आत्ता बाजारात गेला होता. तिनं चपातीवर मनगट धरलं. तिची गोळी जागी होती. एक, दोन, तीन, चार, पाच. करंगळीकडे थरथर आली, रोखठोक.

"उजवा," ती म्हणाली. तुकडा मोडला आणि खाल्ला. आणखी एक खाल्ला.

"होय म्हाराजा," सावनी पुटपुटली. देवळात गाऱ्हाण्याला सगळे म्हणतात तसं शाळेतली पोरं उजव्या कौलाला म्हणत. मग तिनं श्वास रोखून भातावर मनगट धरलं. आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आई! उजवा आला गं! भाताला उजवा!"

तिनं तूपमीठ घातलेला भात खाल्ला, आधी चिमटीनं, मग बोटांनी, मग सगळ्या पंजानं. पाव तास झाला, अर्धा झाला. काही झालं नाही. ती अंगणात जाऊन चक्क दोरीच्या उड्या मारायला लागली.

इरावती मोरीपाशी पाठ करून उभी होती. नळ मोठा सोडला होता. पोटात सुरू झालेली कळ कमरेपर्यंत गेली होती, आणि आपण ओठ दाबून धरलेत हे लेकीला दिसू नये म्हणून ती घासलेलंच पातेलं परत घासत होती. गव्हानं दुखतंय की कौलानं, हे तिला कळत नव्हतं. कळून तसा उपयोगही नव्हता.

दर चार दिवसांनी एक पदार्थ, असं ठरलं. आणि दर वेळी सावनीची एकच अट, आधी तू. अंड्याच्या वेळी इरावतीनं कांद्याचं थालीपीठ खाल्लं. दुधाच्या वेळी राजम्याची उसळ. तिचा नवरा, श्रीपाद, सुट्टी संपवून निघाला तेव्हा म्हणाला, "तू बारीक होत चाललीस आणि पोर बाळसं धरायला लागली. नक्की कोण कुणाचं खातंय?" ती हसली. हसणं आता तिला सरावाचं झालं होतं. कळ आली की आधी गाल वर ओढायचे, मग श्वास सोडायचा.

निखत फोनवर रागावली. "तुम्ही खायची काही गरज नाही. तुम्हाला अजून बरंच सोसावं लागेल अशानं."

"मी नाही खाल्लं तर ती खात नाही. तुमच्या कागदावर हे नव्हतं."

जून गेला, जुलै गेला. यादी एकतीसवर आली. सावनीचं वजन साडेतेवीस भरलं. वर्गातल्या एका मुलीच्या डब्यातला लाडू तिनं हिसकावून खाल्ला, अशी बाईंची तक्रार आली तेव्हा इरावतीला पेढे वाटावेसे वाटले.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघी जेवत होत्या. ताटात साधा वरणभात होता. सावनी तीन महिने रोज खात होती तो. इरावतीला सकाळपासूनच बरं नव्हतं, आणि नेमकी वरण वाढताना अशी सणक आली की तिच्या हातातली पळी ताटावर आपटली. डोळे मिटले गेले, दात आवळले गेले. क्षणभरच. तिनं लगेच गाल वर ओढले.

सावनीचा घास ओठाशी थांबला होता. तिनं तो ताटात परत ठेवला. मग सावकाश, कुणीतरी आतून ओढल्यासारखी, ती वाकली.

"आई, दुखतंय."

"अगं, वरणभात आहे तो. रोजचा. उजवा आलाय ना?"

"दुखतंय गं!"

ती चटईवर पडली, गुडघे पोटाशी. इरावतीनं हात ठेवला. तोच पीळ. मे महिन्यातलाच. पोरीनं तर घास गिळलासुद्धा नव्हता.

तिनं निखतला फोन लावला. "पट्टा बिघडलाय तुमचा. डावा कौल दिलाय त्यानं."

"देऊच शकत नाही. थांबा, नोंद बघते."  मग निखत म्हणाली, "ताई, आज कौल मागितलाच नाही तिनं."

"बरं, विसरली असेल आज. पण काल?"

"कालही नाही. परवाही नाही." निखतचा आवाज बदलला होता. "गेले एकवीस दिवस तिनं मनगट एकदाही ताटावर धरलेलं नाही. माझंही लक्ष नव्हतं. यादी वाढतेय, वजन वाढतंय, एवढंच बघत होते."

"मग एकवीस दिवस ती कुणाला विचारून खातेय?"

 जेवताना आपण फक्त आपला चेहरा सांभाळत होतो, पोरीच्या मनगटाकडे पाहिलंच नव्हतं, हे इरावतीला उमगलं. चटईवरून सावनी तिच्याकडेच बघत होती. पोरीची नजर तिच्या हाताकडे नव्हती, फोनकडेही नव्हती. भुवया, ओठ, गाल, पुन्हा भुवया. वर्षानुवर्षं पाच मोजत पट्ट्याकडे बघावं तसं ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"डॉक्टर," इरावती कुजबुजली, "मला बदलता येईल का हो केंद्रातून?"

"ताई, मला हे आधी सुचायला हवं होतं," निखत म्हणाली. आवाजावरून ती रडत असावी. "तुम्ही घर सोडून राहिलात तर ती खाणारच नाही. तिला सांगितलं तर काय होतं ते आपण पाहिलंय. मला थोडे दिवस द्या. मी काहीतरी शोधते. तोवर..."

"तोवर काय करायचं?"

"तोवर तुम्हाला दुखता कामा नये."

इरावतीनं फोन ठेवला. तिला शेचाळिसावं चालू होतं. विसाव्या वर्षापासून तिचं पोट दुखत होतं आणि कोणत्याही यादीनं, कोणत्याही गोळीनं ते पुरतं थांबलं नव्हतं. ती न्हाणीघरात गेली, तोंडावर पाणी मारलं, आरशात पाहिलं. गाल वर ओढले. डोळे राहिले होते, तेही मोठे केले. बाहेर येऊन तिनं सावनीला मांडीवर घेतलं, तिच्या पोटावर हात फिरवला आणि झोपाळ्यावरच्या पोपटाची लांबलचक गोष्ट सांगितली. तासाभरानं पीळ सुटला.

"भूक लागली," सावनी म्हणाली.

इरावतीनं वरणभात गरम करून आणला. सावनी ताटासमोर बसली. तिनं घास केला आणि ओठांपाशी नेऊन थांबली. मनगट मांडीवर तसंच पडलं होतं, पट्ट्याचा दिवा विझलेला. तिनं वर पाहिलं आणि ती थांबून राहिली. तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

इरावतीच्या बेंबीमागे कळ उठली आणि चढायला लागली.

"आई," सावनी म्हणाली, "हस ना. मग खाते."